दोन शिवाजीनगरांवरचं आभाळ

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या बाहेर हातगाडी लावणाऱ्याला मे महिन्यात घड्याळ बघावं लागत नाही. दुपारी दोनपर्यंत ऊन मी म्हणत असतं. तीनच्या सुमाराला ढगांचे पांढरे गड्डे वर चढू लागतात, चारला त्यांचं पोट काळं पडतं. आधी धूळ उठते, मग अंगावर काटा आणणारा गार वारा येतो, आणि गाडीवर ताडपत्री ओढून दोरी आवळेपर्यंत टपोरे थेंब सुरू झालेले असतात. तासाभरात खेळ खलास. सेंट मेरी बॅसिलिकाच्या अंगणात पाण्याची तळी साचलेली असताना जवळच्या अलसूर तलावाच्या काठावर माणसं कोरड्या बाकांवर शेंगा खात बसलेली दिसतात. इंग्रजी अमदानीपासून या पावसाला 'मँगो शॉवर' म्हणतात. कानडीत जून-सप्टेंबरचा पाऊस 'मुंगारू', परतीचा 'हिंगारू', आणि हा त्याआधीचा. आपल्याकडे याला वळीव म्हणतात.

मराठी माणसाला शिवाजीनगर म्हटलं की पुणं आठवतं. जुनं भांबुर्डे ते पुण्याचं शिवाजीनगर; जुनी ब्लॅकपल्ली, म्हणजे इंग्रजांच्या छावणीला लागून वाढलेला बाजार, ते बंगळूरचं. दोन्ही वस्त्यांनी जुनी नावं टाकून एकच नाव घेतलं, एवढाच त्यांचा संबंध असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण बंगळूरच्या त्या हातगाडीवाल्याला 'आज संध्याकाळी पाऊस आहे' हे सांगण्याची जी दीडशे वर्षांची धडपड आहे, तिचा एक पाय पुण्याच्या शिवाजीनगरात रोवलेला आहे. तिथे एका चौकाला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. सिमल्याचं ऑफिस पुण्यात का, हा प्रश्न तिथून रोज जाणाऱ्यांनाही सहसा पडत नाही.

गोष्ट सुरू होते ती मात्र समुद्रावर.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं. हुगळी नदीतून समुद्राचं पाणी भिंतीसारखं आत आलं, बंदरातली जहाजं काठावर फेकली गेली, आणि मृतांचा आकडा साठ हजारांच्या घरात गेला. हे असं होऊ शकतं असं सांगणारा माणूस त्याच शहरात होऊन गेला होता. हेन्री पिडिंग्टन त्याचं नाव. 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच १८४८ मध्ये, सापाच्या वेटोळ्यावरच्या ग्रीक शब्दावरून घडवला. मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, वादळाचं पाणी ते गिळून टाकेल, असं त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला कळवलं होतं. बंदर बांधलं गेलं. पोर्ट कॅनिंग हे नाव पडलं, आणि १८६७ च्या वादळाने त्याचं कंबरडं मोडलं.

जहाजं बुडाली की व्यापाऱ्यांचा माल बुडतो, विम्याचे दावे येतात, कंपन्या सरकारदरबारी जातात. त्यामुळे १८६५ मध्येच कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली. हळूहळू इतर बंदरंही तिच्यात आली. दिवसा डोलकाठीवर सुळके आणि ढोल चढवायचे, रात्री कंदील. कोकणात आजही 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की होडी पाण्यात जात नाही. तो बावटा याच व्यवस्थेचा वारस. समुद्रावरच्या वादळाला पहारेकरी मिळाला तो असा, पैसेवाल्यांच्या नुकसानीतून. जमिनीवरच्या वळवाच्या पावसात भिजतो तो भाजीवाला; त्याच्यासाठी कुणी डोलकाठी उभारली नाही.

बंगळूरकडे सरकारचं लक्ष वळलं ते पाऊस पडला नाही म्हणून.

१८७६ पासून दक्षिणेत पावसाने दगा दिला. म्हैसूर संस्थानात त्यानंतरच्या दुष्काळात इतकी माणसं मेली की १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. बंगळूरची छावणी तेव्हा तलावांच्या पाण्यावर जगत होती. हेसरघट्टाचं नळाचं पाणी यायला आणखी दोन दशकं होती. गंमत पाहा, किंवा क्रौर्य म्हणा: याच दुष्काळाच्या ऐन भरात, मे १८७७ मध्ये, मद्रासच्या किनाऱ्याला चक्रीवादळ येऊन गेलं. नव्या हवामान खात्याच्या जॉन एलियट यांनी त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. एका बाजूला पाण्यावाचून माणसं मरत होती, दुसऱ्या बाजूला समुद्रावरून पाण्याचा डोंगर येत होता, आणि दोन्हींची एकाच नकाशावर मांडणी करणारी यंत्रणा जेमतेम दोन वर्षांची होती. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं होतं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर त्यांच्यावर मोसमी पावसाचं भाकीत करण्याची जबाबदारी आली, आणि हिमालयातल्या बर्फावरून त्यांनी ते करायला सुरुवातही केली.

म्हैसूर संस्थानाने या कामात स्वतःचा सवतासुभा मांडला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक संस्थानाचे हवामान संचालक झाले. बंगळूर, म्हैसूर, हासन आणि चित्रदुर्ग अशी चार ठाणी. १८९३ पासून दरवर्षी 'मेटिऑरॉलॉजी इन मायसोर' या नावाने या ठाण्यांच्या नोंदींचा छापील अहवाल निघू लागला: तापमान, हवेचा दाब, वारा, ढग, पाऊस. असे अहवाल वाचायला रुक्ष असतात यात शंका नाही. पण ही जुनी वही ज्याने भरली त्याच्यामुळेच आज ६ मे १९०९ या तारखेसमोर १५३.९ मिलिमीटर हा आकडा दिसतो. मे महिन्यात बंगळूरात एका दिवसात पडलेला तो आजवरचा सर्वाधिक पाऊस. तेव्हा ना काँक्रीटचे रस्ते होते, ना आयटी पार्क. तलाव जागेवर होते, पाणी तिकडे गेलं असेल.

या नोंदीतली एक खुबी सांगण्यासारखी आहे. पाऊस मोजायचं नळकांडं जमिनीत अर्धवट रोवलेलं असतं, तोंड जमिनीपासून फूटभर वर. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा लिहायचा. साडेआठच का, तर तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजतात आणि जगभरच्या वेधशाळा त्या एकाच क्षणी नोंद घेतात. परिणाम असा की मंगळवारी संध्याकाळी शिवाजीनगर धुऊन काढणारा वळीव सरकारी वहीत बुधवारचा पाऊस म्हणून लागतो. जुन्या वर्तमानपत्रातली तारीख आणि वेधशाळेची तारीख जुळत नाही, म्हणून वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोजणं जमलं. पण आधी सांगणं?

खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेलं आणि तिथून १९२८ मध्ये पुण्यात आलं. शिवाजीनगरात दगडी इमारत उभी राहिली, आणि पुणेकरांनी तिला ती जिथून आली त्या गावाचं नाव चिकटवलं. मुख्यालय पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, नाव राहिलं. देशभरच्या ठाण्यांवरून तारेने आकड्यांचे गट पुण्यात यायचे. पाच-पाच आकड्यांच्या त्या सांकेतिक भाषेतून दाब, वारा, ढग उलगडून नकाशावर मांडले जायचे, समान दाबाच्या रेषा ओढल्या जायच्या. बंगालच्या उपसागरात शेकडो किलोमीटर रुंदीचं वादळ फिरू लागलं की या रेषा कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक गोल व्हायच्या. जाणत्या माणसाला ते लगेच कळायचं. बंगळूरवर चार वाजता उठणारा ढग मात्र आठ-दहा किलोमीटर रुंद, तासाभराच्या आयुष्याचा. एका ठाण्यापासून दुसरं ठाणं त्याच्या कितीतरी पट लांब. जाळ्याची घरं मोठी आणि मासळी बारीक, अशी ती गत. त्यातून सापडणार काय?

हा ढग बनतो तरी कसा? मार्च ते मे या काळात दख्खनच्या पठारावर दोन वारे समोरासमोर येतात. वायव्येकडून कोरडा, तापलेला. बंगालच्या उपसागरावरून दमट. दोघांमधली सीमारेषा बहुतेकदा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या आतल्या भागातून थेट तमिळनाडूपर्यंत उतरते, म्हणूनच लातूरचा वळीव आणि बंगळूरचा वळीव हे सख्खे भाऊ. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळूरात दुपारी जमीन तापली की दमट हवा वर फेकली जाते, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो, त्यात बर्फाचे कण घासून वीज साठते आणि शेवटी वरची थंड हवा पावसासकट खाली कोसळते. पावसाआधी येणारा गार झोत तो हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, अमेरिकेने फ्लॉरिडा आणि ओहायोत विमानं थेट अशा ढगांत घुसवून त्यांचं बालपण, तारुण्य आणि मरण नोंदवलं. अशा ढगांत सापडून वैमानिक मरत होते, म्हणून तो खर्च झाला. इथेही तोच नियम: आधी जहाज, मग विमान, हातगाडी शेवटी.

भारताची अडचण आणखी साधी होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा वारा किंवा ऊन मोजायची उपकरणंही परदेशातून यायची. ही अडचण जिने सोडवली ती बाई बंगळूरहून पुण्यात आली. ॲना मणी मूळच्या त्रावणकोरच्या. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि तिथे हवामानाची उपकरणं शिकल्या. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून ती इथेच बनवायची घडी त्यांनी बसवली. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. त्या काळातल्या सरकारी कचेरीत हे चित्र कसं दिसलं असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा खाक्या होता. १९७६ मध्ये निवृत्त होऊन त्या पुन्हा बंगळूरला गेल्या, रामन इन्स्टिट्यूटमध्ये. वारा आणि ऊन मोजणारी उपकरणं बनवायचा छोटा कारखानाही त्यांनी तिथे काढला.

त्यांच्या उलट्या वाटेने, पुण्याहून बंगळूरला, आणखी एक बाई गेल्या. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ चा, पुण्याचा. शिक्षण फर्ग्युसनचं, मग हार्वर्डची पीएच.डी., तीही अटलांटिकमधल्या समुद्रप्रवाहावर. परत आल्यावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत दोन वर्षं काढून त्या १९७३ मध्ये बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाल्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ त्यांचे पती. आता वर, अवकाशात, उपग्रह फिरू लागले होते. पुण्याचे डी. आर. सिक्का आणि बंगळूरच्या गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांची उपग्रहाची रोजची छायाचित्रं, एप्रिल ते ऑक्टोबरची, एकेक करून पाहिली. ढगांचा एक पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जन्मतो, उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, विरतो आणि पुन्हा नवा निघतो, हे त्यातून दिसलं. १९८० मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह गाडगीळ यांनी दाखवलं की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर त्यावर ढगांची मोठी जमवाजमव होत नाही. मे महिन्यात आपल्या दोन्ही बाजूंचे समुद्र या रेषेच्या वर असतात, आणि वादळांचा एक हंगाम नेमका तेव्हाच येतो. 

पुढे गाडगीळ तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड्याच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसल्या. पेरणी कधी करू, हा शेतकऱ्याचा प्रश्न होता आणि 'पाऊस सरासरीइतका' हे खात्याचं उत्तर. या दोहोंत काही ताळमेळ नाही, हे त्यांनी शास्त्रज्ञांच्या तोंडावर सांगितलं. जुलै २०२५ मध्ये बंगळूरलाच त्यांचं निधन झालं.

समुद्रावरच्या पहाऱ्याचं फळ दिसायला मात्र वेळ लागला. १९ नोव्हेंबर १९७७ च्या आंध्रच्या वादळात दहा हजारांहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावर रडारं बसू लागली होती. पहिलं विशाखापट्टणमला, १९७० मध्ये. १९८२ मध्ये इन्सॅट उपग्रहांवर ताबा ठेवणारं केंद्र हासनला झालं. जॉन कुक यांच्या चार ठाण्यांपैकी एक तेच हासन. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात पुन्हा दहा हजारांच्या आसपास बळी गेले, कारण इशारा होता पण माणसं हलली नव्हती. २०१३ मध्ये 'फायलिन' आलं तेव्हा लाखो माणसं आधीच हलवली गेली आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. भारतीय हवामानशास्त्राने मिळवलेलं यश विचारलं तर हे बोटाने दाखवता येईल.

वळवाच्या बाबतीत असं बोट दाखवता येत नाही. 'तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह सरी', हे वाक्य वाचून लोक खात्याची टिंगल करतात. पण त्यातल्या 'तुरळक'ला नेमका अर्थ आहे: त्या भागातल्या ठाण्यांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस. वाक्य चूक नसतं. ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या कामाचं नसतं. रसेल मार्केट त्या पाव भागात येतं की पाऊण, हे कळायला ढग उभा राहताना पाहावा लागतो, आणि तो पाहतं रडार.

चेन्नईला २००२ मध्ये डॉप्लर रडार बसलं. ढगातले थेंब कुठे आहेत आणि कुठे धावताहेत, दोन्ही सांगणारं. ते बसवलं उपसागरावरच्या वादळांसाठी. बंगळूर तिथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या जरा अलीकडे. पृथ्वी गोल असल्याने रडारचा सर्वांत खालचा झोतही इतक्या अंतरावर सात किलोमीटरच्या आसपास वर गेलेला असतो. म्हणजे चेन्नईला शिवाजीनगरवरच्या ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. ढगाचा माथा रडारवर येईपर्यंत खाली ताडपत्र्या उडालेल्या असतात. विनोद असा की श्रीहरिकोट्याचं डॉप्लर रडार बांधलं बंगळूरच्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रडार नाही, तर माणसांनी जमिनीवरून जाळं विणलं. कर्नाटकाने १९८८ मध्ये, देशात पहिल्यांदा, दुष्काळावर नजर ठेवणारा कक्ष काढला होता. तोच वाढून येलहंका इथलं नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झाला. राज्यभर सहा हजारांवर स्वयंचलित पर्जन्यमापकं दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. जाळ्याची घरं अखेर बारीक झाली. पण पर्जन्यमापक पडलेला पाऊस सांगतो, पडणारा नाही.

आणि खालचं शहर तर ओळखू येईना इतकं बदललं. मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तलावावर आहे, कांतिरवा मैदान संपंगी तलावावर. १९०९ च्या पावसाला जायला जी जागा होती ती २०२३ च्या पावसाला नव्हती. २१ मे २०२३ च्या दुपारी गारांसह वळीव कोसळला आणि के. आर. सर्कलच्या भुयारी रस्त्यात गाडी बुडून एका तरुणीचा जीव गेला. त्या महिन्यात शहरात ३०५.४ मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्याचा तोवरचा उच्चांक. एप्रिल २०२४ अगदी कोरडा गेला, पाण्याच्या टँकरसाठी रांगा लागल्या, आणि जूनमध्ये एकाच दिवसात १११.१ मिलिमीटर पडून १८९१ पासूनचा जूनचा विक्रम मोडला. नोव्हेंबरच्या अखेरीस पुदुच्चेरीजवळ 'फेंजल' किनाऱ्याला लागलं तेव्हा मात्र बंगळूरकरांना दोन-तीन दिवस आधी माहीत होतं की रिपरिप आणि गारठा येणार. स्वेटर कपाटातून बाहेर निघाले. समुद्रावरचं वादळ दिवस आधी कळतं. डोक्यावरचा वळीव मिनिटं आधी.

मे २०२५ मध्ये शहरात ३०७.९ मिलिमीटर पाऊस पडला. दोन वर्षांपूर्वीचा उच्चांक मागे पडला, मान्यता टेक पार्कच्या रस्त्यांवर पाणी भरलं, वसाहतींत होड्या फिरल्या. तोपर्यंत बंगळूरला स्वतःचं डॉप्लर रडार बसलेलं नव्हतं.